सेव्ह आपल्यासाठी, एक्स्पोर्ट लोकांसाठी : गिम्प नव्याने शिकणाऱ्यांना

मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका मी हौसेने घरीच केली होती. पैठणीच्या काठाचा फोटो काढून त्याची चौकट, आत फिकट पिवळी पार्श्वभूमी, वर गणपती आणि खाली निमंत्रकांपर्यंतचा सगळा मजकूर. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी फाइल जेपीजीमध्ये सेव्ह केली आणि प्रोग्राम बंद केला. बंद होताना त्याने काही विचारलं नाही, कारण त्याच्या हिशेबाने काम सेव्ह झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन. "पत्रिका छान झालीय रे, पण निमंत्रकांत नागपूरच्या काकांचं नाव राहिलंय. तेवढं टाकून दे बाबा, नाहीतर मांडवात तोंड फुगवून बसतील."

"तेवढं" म्हणजे किती, ते फाइल उघडल्यावर कळलं. चौकट, गणपती, अक्षरं, सगळं एकाच थरात चिकटलेलं होतं. नावांची ओळ वर सरकवायला गेलो की मागची पिवळी पार्श्वभूमीही तिच्यासोबत सरकायची. काकांचं नाव अखेर बसलं, पण त्याच्यामागे चौकोनी ठिगळ राहिलं. छापील पत्रिकेत ते आजही दिसतं. काकांना दिसलं नाही, हे नशीब.

चित्रांवर काम करायला नव्याने लागलेल्या बहुतेकांवर ही वेळ एकदा तरी येते. ती येऊ नये म्हणून फाइल कशी जपायची आणि कशी बाहेर द्यायची, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणाला गिम्प हे चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर घेतलं आहे. ते फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवरही चालतं, आणि सेव्ह व एक्स्पोर्ट यांची फारकत त्याच्याइतकी रोखठोक फार थोड्या प्रोग्रामांनी केली आहे.

आधी एवढं समजून घ्या

रोलचा कॅमेरा वापरलेल्यांना आठवत असेल. स्टुडिओतून फोटो आणला की पाकिटात प्रिंट असायचे आणि मागच्या खणात निगेटिव्हच्या पट्ट्या. प्रिंट आत्याला द्यायचे, अल्बममध्ये लावायचे, हरवले तरी चालायचे. निगेटिव्ह मात्र कपाटात राहायची, कारण तिच्यावरून पुन्हा हवे तितके, हव्या त्या आकाराचे प्रिंट निघायचे. प्रिंटवरून निगेटिव्ह करायला कुणी जात नसे.

गिम्पमध्ये निगेटिव्हच्या जागी एक्ससीएफ ही फाइल असते. लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर), मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा), पाथ (आखलेल्या रेषा), गाइड (मांडणीच्या मदतीच्या रेषा), निवडलेला भाग, अजून बदलता येण्याजोगा मजकूर असं सगळं तिच्यात राहतं. जेपीजी, पीएनजी, टिफ, वेबपी हे सगळे प्रिंट. म्हणून गिम्पमध्ये 'सेव्ह' म्हटलं की फक्त एक्ससीएफच होते, आणि बाकी काहीही हवं असेल तर 'एक्स्पोर्ट'कडे जावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं. मे २०१२ मध्ये गिम्पची २.८ ही आवृत्ती आली तेव्हा ही विभागणी झाली. त्याआधी 'सेव्ह ॲज' मध्ये नावापुढे जेपीजी लिहिलं की जेपीजी व्हायची. नवी पद्धत आल्यावर लोक चिडले, आणि काही अजून चिडलेले आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. फोटो उघडला, कडा कापल्या, परत जेपीजीच हवी आहे, मग मध्ये हा एक्ससीएफचा सोपस्कार कशाला? वर प्रोग्राम बंद करताना 'सेव्ह केलेलं नाही' म्हणून अडवतो, आत्ताच तर एक्स्पोर्ट केलं!

तरी माझं मत गिम्पच्याच बाजूने आहे. कडा कापायचं काम बिघडलं तर दोन मिनिटं जातात, पत्रिकेचं बिघडलं तर तीन संध्याकाळी. 'सेव्ह झालं' हे शब्द कोणत्याही सॉफ्टवेअरने एकाच अर्थी वापरावेत : उद्या उघडशील तेव्हा सगळं आजच्यासारखंच मिळेल. जेपीजी केल्यावर हे वचन पाळता येत नाही, म्हणून तिथे तो शब्द वापरू नये. माझ्या पत्रिकेच्या वेळी प्रोग्रामने नेमका तोच वापरला होता.

(जाता जाता : एक्ससीएफ हे नाव कुठून आलं? स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गिम्प लिहायला घेतलं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळाचं नाव एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी. त्याची आद्याक्षरं फाइलच्या नावाला चिकटली.)

पायरी १ : काम सुरू करण्याआधी

एका कामाला एक फोल्डर करा. त्यात तीन फोल्डर : 'मूळ', 'काम', 'बाहेर'. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेले फोटो 'मूळ'मध्ये ठेवा आणि तिथे पुन्हा हात लावू नका. एक्ससीएफ 'काम'मध्ये राहील, एक्स्पोर्ट केलेलं सगळं 'बाहेर'मध्ये जाईल. एका फोटोसाठी हे जास्त वाटेल. पण तुमच्या डेस्कटॉपवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरं', 'फायनल आईने पाहिलेलं' अशा फाइली असतील तर मला काय म्हणायचं ते कळेल.

फोटो गिम्पमध्ये उघडा आणि खिडकीच्या वरच्या पट्टीकडे पहा. फाइलचं नाव चौकोनी कंसात असतं आणि पुढे 'इम्पोर्टेड' असं लिहिलेलं असतं. म्हणजे गिम्प सांगतोय की हा फोटो मी बाहेरून आणलाय, त्याची माझ्याकडे निगेटिव्ह अजून नाही.

पायरी २ : काही करण्याआधीच सेव्ह

कंट्रोल आणि एस दाबा. नाव द्या, 'काम' फोल्डर निवडा, सेव्ह करा. बदल काहीच केलेला नसला तरी हे आत्ताच करा. आता वरच्या पट्टीतला कंस जाईल आणि एक्ससीएफचं नाव दिसेल. इथून पुढे कंट्रोल-एस दाबाल तेव्हा काम याच फाइलमध्ये जाईल, मूळ फोटोला धक्का लागणार नाही.

इथे नवा माणूस हमखास एक गोष्ट करतो : नावापुढे टिंब देऊन जेपीजी लिहितो. गिम्प ते घेत नाही. ही खिडकी फक्त एक्ससीएफसाठी आहे, दुसरा प्रकार हवा असेल तर एक्स्पोर्टकडे जा, असं सांगतो. २.१० पासून त्या सूचनेतच एक्स्पोर्टच्या खिडकीत नेणारं बटणही आहे. हा निरोप आला म्हणजे तुमचं काही चुकलं नाही, फक्त दार चुकलं.

फाइल फार मोठी होत असेल तर त्याच खिडकीत जास्त दाबून सेव्ह करण्याची खूण आहे. वेळ थोडा जास्त लागतो, जागा वाचते, चित्राचं काही बिघडत नाही.

पायरी ३ : काम करताना

मूळ फोटोचा लेयर शाबूत ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबलं की त्याची नक्कल होते, तिच्यावर काम करा. याचं कारण असं की एक्ससीएफमध्ये लेयर राहतात, पण 'अनडू'ची साखळी राहत नाही. आज चाळीस पावलं मागे जाता येतंय, पण फाइल बंद करून उद्या उघडली की एकही नाही. मागे जायची वाट लेयरमधूनच ठेवावी लागते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत यात मोठी सोय झाली. फिल्टर लेयरवर लावून ठेवता येतात, एक्ससीएफमध्ये ते तसेच राहतात आणि नंतर त्यांचे आकडे बदलता येतात. जुनी आवृत्ती असेल तर एवढ्या एका कारणासाठीही नवी घ्यावी.

मजकुराबद्दल एक सावधगिरी. एक्ससीएफमध्ये मजकूर मजकूर म्हणून राहतो, पण त्याचा फॉन्ट फाइलमध्ये नसतो. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसेल तर मजकुरात बदल करायला जाताच अक्षरवळण बदलतं, ओळी तुटतात. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वापरणाऱ्यांचे हाल आणखी : फॉन्ट नसताना मजकुराला हात लावला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर फॉन्टची फाइल सोबत न्या. छापखान्यात एक्ससीएफ देऊच नका, तिथे एक्स्पोर्ट केलेलं द्या.

पायरी ४ : आकार बदलायचा असेल तर नक्कल काढा

पत्रिकेनंतर मी केलेली दुसरी मोठी चूक इथली. व्हॉट्सॲपवर पाठवायला चित्र लहान हवं होतं. 'इमेज' मेन्यूतून 'स्केल इमेज' करून १,०८० पिक्सेलवर आणलं, एक्स्पोर्ट केलं, आणि हाताला सवय लागलेली म्हणून कंट्रोल-एस दाबलं. निगेटिव्हच लहान झाली. आठवड्याने तेच चित्र छापायला हवं होतं.

म्हणून आकार बदलण्याआधी कंट्रोल आणि डी दाबा. अख्ख्या चित्राची नक्कल नव्या खिडकीत उघडते. तिचा आकार बदला, तिलाच एक्स्पोर्ट करा, आणि ती बंद करताना सेव्हबद्दल विचारलं की खुशाल 'नाही' म्हणा. मूळ एक्ससीएफ शेजारच्या टॅबमध्ये जशीच्या तशी असते.

पायरी ५ : एक्स्पोर्ट

कंट्रोल, शिफ्ट आणि ई. खिडकी उघडली की नावापुढे जो प्रकार लिहाल त्या प्रकारची फाइल होते. टिंब जेपीजी लिहिलं की जेपीजी, टिंब पीएनजी लिहिलं की पीएनजी. खाली यादीतूनही निवडता येतं, पण लिहिणं सोपं. फोल्डर 'बाहेर' आहे ना, ते पहा.

लेयर आधी एकत्र करायची गरज नाही. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत 'आधी फ्लॅटन करा' असं सांगतात, त्याकडे दुर्लक्ष करा. एक्स्पोर्ट करताना गिम्प त्या फाइलपुरतं एकत्र करतो, तुमच्या समोरच्या खिडकीत लेयर सुटेच राहतात.

एकदा एक्स्पोर्ट केलं की कंट्रोल आणि ई नुसतं दाबलं तरी त्याच नावाने, त्याच ठिकाणी पुन्हा एक्स्पोर्ट होतं. पत्रिकेत दहा वेळा नावं बदलणाऱ्या घरांसाठी ही सोय केल्यासारखी वाटते : नाव बदला, कंट्रोल-एस, कंट्रोल-ई, पाठवा.

मेन्यूत 'ओव्हरराइट' असाही एक पर्याय दिसतो. बाहेरून आणलेला फोटो असेल तर तो मूळ फाइलवरच नवं चित्र लिहितो. 'कडा कापायच्या, बाकी काही नाही' म्हणणाऱ्यांच्या तक्रारीला गिम्पने दिलेलं हे उत्तर. उपयोगी आहे, पण मूळ फोटो त्यात जातो. मूळची प्रत दुसरीकडे असल्याशिवाय मी तिकडे जात नाही.

कोणता प्रकार कधी

फोटो असेल तर जेपीजी. अक्षरं, रेषा, लोगो, स्क्रीनशॉट, किंवा पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर पीएनजी. रोजच्या कामाला एवढं पुरतं, पण कारण कळलं तर अपवाद स्वतःला ठरवता येतात.

जेपीजी हे मानक १९९२ चं. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील ते टाकून देतं. आकाश, चेहरा, डोंगर यांत रंग हळूहळू बदलतात, तिथे टाकलेलं कळत नाही. अक्षरात मात्र काळं आणि पांढरं एका रेषेवर भेटतं. तिथे टाकलेला तपशील भोवती धुरकट ठिपक्यांच्या रूपात उगवतो. मराठीत हे जास्त खुपतं, कारण शिरोरेषा लांब आणि सरळ असते आणि तिच्या वरखाली ही कुसळं रांगेने उभी राहतात. अनुस्वार आणि रफार तर लहान आकारात विरघळूनच जातात. मित्राच्या दुकानाच्या जाहिरातीत एकदा 'वडा' आणि 'वाडा' यांतला फरक एका कान्याच्या जाडीवर टिकला होता.

आणखी एक बारकावा रंगाचा. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. याचा फायदा घेऊन जेपीजीमध्ये रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच ठेवण्याची एक पद्धत आहे. फोटोत चालून जातं. पण पिवळ्यावर लाल अक्षरं, म्हणजे आपल्याकडचं हळदी-कुंकवाचं, वास्तुशांतीचं, उत्सवाचं प्रत्येक निमंत्रण, यात लाल रंग कडेबाहेर फुटलेला दिसतो. जेपीजीच द्यायची असेल तर एक्स्पोर्टच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' उघडून सबसॅम्पलिंगमध्ये ४:४:४ (रंगाची माहिती पूर्ण ठेवणारा पर्याय) निवडा. फाइल थोडी वाढते, लाल लालच्या जागी राहतं.

पीएनजी काहीच टाकत नाही. तिच्यामागे एक भांडण आहे. जीआयएफ या जुन्या प्रकारातल्या दाबण्याच्या पद्धतीवर पेटंट होतं आणि १९९४ च्या अखेरीस त्याच्या परवान्याचे पैसे मागितले जाऊ लागले. तेव्हा पेटंटमुक्त पर्याय म्हणून काही लोकांनी पीएनजी घडवली आणि १९९६ मध्ये ती वेबचं अधिकृत मानक झाली. जीआयएफमध्ये एका चित्रात २५६ रंग, पीएनजीत असं बंधन नाही, आणि पारदर्शकता अर्धीमुर्धीही ठेवता येते. तोटा एवढाच की फोटो पीएनजीत ठेवला तर फाइल जेपीजीच्या कितीतरी पट होते. कुणी 'दर्जा जाऊ नये म्हणून' लग्नाचे चारशे फोटो पीएनजीत पाठवले तर मनाने चांगला माणूस समजावा आणि डाउनलोड थांबवावा.

जेपीजीत पारदर्शकता नसते. रिकाम्या जागी गिम्प पार्श्वभूमीचा जो रंग निवडलेला असेल तो भरतो. लोगोच्या मागे अचानक काळा डबा आला असेल तर कारण हेच.

वेबपी हा गूगलने २०१० मध्ये आणलेला प्रकार संकेतस्थळासाठी चांगला, फाइल लहान होते. पण ज्याला पाठवताय त्याच्या जुन्या प्रोग्रामात उघडेल की नाही, ते विचारून घ्या. पीएसडी ही फोटोशॉपची निगेटिव्ह आहे. गिम्पसाठी तीसुद्धा एक्स्पोर्टच.

जेपीजीचा दर्जा किती ठेवावा

गिम्पमध्ये हा आकडा ० ते १०० असतो आणि सुरुवातीला ९० वर असतो. ही टक्केवारी नव्हे. ९० म्हणजे मूळच्या नव्वद टक्के, असं काही नसतं. दुसऱ्या प्रोग्रामातले आकडे याच्याशी जुळत नाहीत. फोटोशॉपच्या सेव्हमध्ये तर हीच पट्टी ० ते १२ आहे. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा खिडकीतली 'प्रिव्ह्यू'ची खूण करा. चित्र कसं होईल ते मागे दिसतं आणि फाइल किती मोठी होईल तेही कळतं. चित्र शंभर टक्क्यांवर मोठं करून पहा, केसांच्या कडा आणि अक्षरं तपासा, आणि बिघाड दिसू लागेल त्याच्या थोडं वर थांबा. माझा आकडा सहसा ८५ ते ९२ मध्ये पडतो.

त्याच खिडकीत एक्झिफची खूण असते. फोनने काढलेल्या फोटोत तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशही यात असतात. घरात काढलेला लेकराचा फोटो जाहीर ठिकाणी टाकणार असाल तर ती खूण काढून एक्स्पोर्ट करा.

'जेपीजी उघडली की दर वेळी खराब होते' असं बरेच जण सांगतात. नुसती उघडून पाहिली किंवा या फोल्डरातून त्या फोल्डरात नेली तर काहीही होत नाही. नुकसान होतं ते बदल करून परत जेपीजी केली की. त्यातही कडा कापल्या किंवा आकार बदलला तर ८ गुणिले ८ चे चौकोन नव्या जागी पडतात आणि जुन्या जखमांवर नव्या जखमा होतात. एक्ससीएफवर काम करणाऱ्याची प्रत्येक जेपीजी पहिल्या पिढीची असते, कारण ती दर वेळी निगेटिव्हवरून निघते.

ऑनलाइन अर्जाचा फोटो

हे काम गावोगावच्या सेवा केंद्रांत रोज चालतं, म्हणून जरा थांबून सांगतो. बँक भरतीसाठीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल आणि फाइल २० ते ५० केबी मागतात, सही १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. इतर परीक्षांचे आकडे वेगळे असतात, अर्ज भरताना सूचनांत पहा.

फोटो उघडा, एक्ससीएफ करा. कापण्याचं साधन घेऊन त्याच्या पर्यायांत 'फिक्स्ड'ची खूण करा आणि प्रमाण २०० : २३० लिहा. आता चौकट कुठेही ओढली तरी प्रमाण बिघडत नाही, चेहरा लांबट किंवा चपटा होत नाही. कापा. सेव्ह करा. कंट्रोल-डी ने नक्कल काढा, 'स्केल इमेज'मध्ये रुंदी २०० करा, उंची आपोआप २३० होईल. मग एक्स्पोर्ट, जेपीजी, प्रिव्ह्यू चालू.

इथे उलटाच घोळ होतो. सगळे 'फाइल लहान कशी करू' विचारत येतात, आणि २०० गुणिले २३० एवढ्याशा चित्राची फाइल ९० च्या दर्जालाही पुष्कळदा २० केबीच्या खाली उतरते. मग संकेतस्थळ ती नाकारतं आणि माणूस आणखी लहान करत बसतो! अशा वेळी दर्जा वाढवा, ९५, ९८, खालचा केबीचा आकडा मर्यादेत येईपर्यंत. सहीच्या बाबतीत पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने केलेली सही उजेडात काढली असेल तर पुढचं काम निम्मं होतं.

छापायला द्यायचं असेल तर

हातात धरून वाचायच्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल हा रूढ आकडा. ए-४ कागदाला म्हणजे २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल. नवं चित्र सुरू करतानाच हा आकार घ्या. १,०८० पिक्सेलचं चित्र नंतर 'स्केल' करून ३,५०८ केलं तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही.

फ्लेक्सला हा नियम लावू नका. १० गुणिले ६ फुटांचा फ्लेक्स ३०० ने केला तर ३६,००० गुणिले २१,६०० पिक्सेल होतात, न दाबता २.३ जीबी, तेही एकाच लेयरचे. फोटोशॉपच्या पीएसडीत तर ते मावणारही नाही, तिची मर्यादा प्रत्येक बाजूला ३०,००० पिक्सेल आहे. तोच फ्लेक्स ७२ ने केला तर ८,६४० गुणिले ५,१८४ पिक्सेल, आणि चौकात रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला तेवढं भरपूर. फ्लेक्सवाल्याला आधी विचारा : मशिनला किती लागतं, टिफ हवी की जेपीजी, रंग आरजीबी (स्क्रीनचे) चालतील की सीएमवायके (छपाईच्या शाईचे). हे तीन प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो नीट बोलतो.

बंद करताना येणारा प्रश्न

एक्स्पोर्ट केलं, खिडकी बंद करायला गेलात, आणि गिम्प म्हणतो की बदल सेव्ह केलेले नाहीत. यावरच लोक वैतागतात. निरोप पूर्ण वाचा, त्यात 'या नावाने एक्स्पोर्ट झालेलं आहे' हेही लिहिलेलं असतं. मग एवढंच ठरवा : या चित्रात कुणी उद्या बदल सांगेल का? स्क्रीनशॉटची कड कापली असेल तर नाही, तेव्हा सोडून द्या, काही हरवत नाही. त्यात मजकूर असेल, एखाद्या माणसाचं नाव असेल, तारीख-वेळ असेल, तर सेव्ह करा. ज्या कागदावर नातेवाइकांची नावं आहेत त्यात बदल आला नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर

नावं बदलतात, विभागणी तीच. इंकस्केपमध्ये एसव्हीजी सेव्ह होते आणि पीएनजी एक्स्पोर्ट. कॅनव्हामध्ये काम तुमच्या खात्यात आपोआप जपलं जातं आणि 'डाउनलोड' हा त्यांचा एक्स्पोर्ट, म्हणून डाउनलोड केलेल्या जेपीजीवर पुन्हा काम करत बसू नका, खात्यातलं डिझाइन उघडा. क्रिटाची निगेटिव्ह केआरए. तिथे 'सेव्ह'मधूनही जेपीजी करता येते आणि काय गळून पडेल त्याची सूचना येते. ही सूचना वाचली तर पद्धत छान आहे, पण आपण सूचना वाचतो कुठे?

फोटोशॉपने २०२१ मध्ये उशिरा का होईना असंच वळण घेतलं. लेयर असलेली फाइल थेट जेपीजी करण्याचा रस्ता 'सेव्ह ॲज' मधून काढून 'सेव्ह अ कॉपी' कडे नेला. वर्षानुवर्षांची बोटांची सवय मोडल्यामुळे तिथेही ओरड झाली आणि जुनी पद्धत परत चालू करण्याची सोय सेटिंगमध्ये द्यावी लागली. माझा आक्षेप त्या नावाला आहे. 'कॉपी' म्हटलं की जशीच्या तशी प्रत असं वाटतं, आणि इथे लेयर गेलेले असतात. 'एक्स्पोर्ट' हा शब्द परका वाटला तरी जास्त प्रामाणिक आहे.

गिम्पकडूनही एक अपेक्षा आहे. एका लेयरचा साधा फोटो असेल, नुसती कड कापलेली असेल आणि एक्स्पोर्टही झालेला असेल, तर बंद करताना इतक्या गंभीर आवाजात विचारू नये. तोवर एक छोटी सोय तुम्हीच करून घ्या : 'प्रेफरन्सेस'मध्ये 'इमेज इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' उघडून एक्स्पोर्टचा नेहमीचा प्रकार पीएनजीऐवजी जेपीजी ठेवता येतो. फोटोच जास्त करत असाल तर रोजचं टायपिंग वाचतं.

पाठवण्याआधी

एक्स्पोर्ट केलेली फाइल गिम्पमध्ये तपासू नका, तिथे तुम्हाला तुमचं कामच दिसत राहतं. 'बाहेर' फोल्डरमधून ती साध्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामात उघडा, जमलं तर फोनवर. पारदर्शक भाग काळा तर नाही ना झाला, अनुस्वार शाबूत आहेत का, कुठला लेयर यादीतलं त्याचं डोळ्याचं चिन्ह बंद असल्यामुळे राहून तर गेला नाही, हे पहा. हा शेवटचा प्रकार फार होतो : नावांचा लेयर कामापुरता लपवलेला असतो आणि पत्रिका नावांशिवाय जाते.

मग व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तिथे तो पुन्हा लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो, आणि तुम्ही ४:४:४ ठेवून राखलेली लाल अक्षरं मावशीच्या फोनवर पोचेपर्यंत फुटलेली असतात.